तेरा विजय, बारा पराभव आणि पहिला नंबर

आपल्याकडे बेसबॉलची बॅट दिसते ती बहुधा सिनेमातल्या मारामारीत. मैदानावर ती फारशी कोणी पाहिलेली नसते. मग कॉलेजच्या मॅगझिनच्या मराठी विभागात बेसबॉलवर लेख कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर असं की, या खेळातल्या एका बक्षिसावरून अमेरिकेत २०१० साली जो वाद झाला, तो मोजमापाचा एक झकास धडा आहे. आणि मोजमाप हा तर आपला रोजचा विषय! आपण लॅबमध्ये व्होल्टेज मोजतो, टेन्साइल स्ट्रेंग्थ मोजतो. माणसाची कामगिरी मोजायची वेळ आली की मात्र हाताला लागेल तो आकडा उचलतो.

वाद साधा होता. सीझनचा सर्वोत्तम पिचर कोण? एका बाजूला २१ मॅच जिंकलेला पिचर. दुसऱ्या बाजूला १३ जिंकलेला आणि १२ हरलेला. शाळेतल्या पोरालाही उत्तर सोपं वाटेल. पण बक्षीस मिळालं १३ वाल्याला, आणि माझ्या मते ते अगदी योग्य होतं. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी खेळ थोडक्यात

क्रिकेट येणाऱ्याला बेसबॉल समजायला पाच मिनिटं पुरतात. दोन्ही टीमना नऊ-नऊ डाव मिळतात. डाव छोटा असतो, तीन आउट झाले की संपला. बॉलरच्या जागी पिचर. तो बॅटरपासून ६० फूट ६ इंचांवर उभा राहून बॉल फेकतो, टप्पा न पाडता. बॅटरचे तीन स्ट्राइक झाले की तो आउट, याला म्हणायचं स्ट्राइकआउट. पिचरने चार बॉल पट्ट्याबाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. बॉल कुंपणापलीकडे गेला की होम रन.

पिचरचा मुख्य आकडा म्हणजे ईआरए. फील्डरच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळायच्या, उरलेल्या धावांना पिचरने टाकलेल्या डावांनी भागायचं आणि ९ ने गुणायचं. म्हणजे हा पिचर पूर्ण मॅचमागे सरासरी किती धावा देतो, ते कळतं. जितका कमी तितका चांगला, आपल्या बॉलिंग अ‍ॅव्हरेजसारखा.

बेसबॉलमध्ये आणखी एक हिशोब असतो, जो क्रिकेटमध्ये नाही. प्रत्येक मॅचचा विजय एका पिचरच्या नावावर लिहिला जातो आणि पराभवही एकाच्या नावावर. सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच डाव टाकलेले असावेत, तो बाहेर पडताना त्याची टीम पुढे असावी आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकावी, तर विजय त्याचा. तो पिछाडीवर असताना बाहेर पडला आणि टीम परत बरोबरीत आलीच नाही, तर पराभव त्याचा. यातलं काहीच झालं नाही, तर त्याच्या खात्यात काहीच नाही.

इथे जरा थांबा. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलने न्यूझीलंडकडून खेळताना वानखेडेवर भारताच्या पहिल्या डावातल्या दहाच्या दहा विकेट घेतल्या, ११९ धावा देऊन. उत्तरादाखल त्याच्या टीमने केल्या फक्त ६२ धावा, आणि न्यूझीलंड ती मॅच ३७२ धावांनी हरलं. आपण एजाझला दहा विकेटसाठी लक्षात ठेवतो. बेसबॉलचा नियम लावला असता, तर त्याच्या खात्यात त्या दिवशी 'पराभव १' अशी नोंद झाली असती. सगळ्या वादाचं मूळ या नोंदीत आहे.

साय यंग आणि त्याच्या नावाचं बक्षीस

साय यंग हा १८९० ते १९११ या काळात खेळलेला पिचर. त्याच्या नावावर ५११ विजय आहेत, आणि हा विक्रम मोडण्याची शक्यता आता कोणी बोलूनही दाखवत नाही. गंमत म्हणजे सर्वाधिक पराभवांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे, तीनशेहून जास्त! इतके डाव टाकले की दोन्ही आकडे आपोआप फुगणारच. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला आणि १९५६ पासून त्याच्या नावाने सर्वोत्तम पिचरला बक्षीस द्यायला सुरुवात झाली. पहिलं मिळालं डॉन न्यूकम याला. सुरुवातीला दोन्ही लीग मिळून एकच बक्षीस होतं. १९६७ पासून अमेरिकन लीगला एक आणि नॅशनल लीगला एक, अशी दोन झाली.

मतदान करतात ते बेसबॉल लिहिणारे पत्रकार, त्यांच्या संघटनेमार्फत, प्रत्येक टीमच्या शहरातून दोन या हिशोबाने. मतं बाद फेरी सुरू होण्याआधी द्यावी लागतात. बक्षीस नेमकं कशासाठी द्यायचं, याची काटेकोर व्याख्या त्यांच्या हातात दिलेली नसते. 'सर्वोत्तम पिचर' एवढंच. व्याख्या ढिली असली की वाद होणारच. ओरल्सला एक्स्टर्नल कोणाला 'एक्सलंट' म्हणतो आणि कोणाला 'गुड', तसंच.

अनेक वर्षं मतदारांचा शॉर्टकट ठरलेला होता. सर्वात जास्त विजय कोणाचे? द्या त्याला. १९९० मध्ये ओकलंडच्या बॉब वेल्चला बक्षीस मिळालं. २७ विजय, ६ पराभव, ईआरए २.९५. त्याच वर्षी बोस्टनच्या रॉजर क्लेमेन्सचा ईआरए होता १.९३, म्हणजे मॅचमागे एक धाव कमी! विजय २१, पराभव ६. तरी तो मागे पडला. २००५ मध्ये बार्टोलो कोलोनला २१ विजय आणि ३.४८ ईआरए यावर बक्षीस मिळालं. योहान सांतानाचा ईआरए २.८७ होता, स्ट्राइकआउट २३८ होते, कोलोनचे १५७. पण सांतानाचे विजय १६.

अशा पार्श्वभूमीवर २०१० चा सीझन आला.

तीन उमेदवार

अमेरिकन लीगमध्ये तिघांची नावं पुढे होती.

सीसी सबाथिया, न्यूयॉर्क यांकीज. २१ विजय, ७ पराभव. ईआरए ३.१८. डाव २३७.२. स्ट्राइकआउट १९७.

डेव्हिड प्राइस, टॅम्पा बे रेज. १९ विजय, ६ पराभव. ईआरए २.७२. डाव २०८.२. स्ट्राइकआउट १८८.

फेलिक्स हर्नांडेझ, सिअ‍ॅटल मरिनर्स. १३ विजय, १२ पराभव. ईआरए २.२७. डाव २४९.२. स्ट्राइकआउट २३२.

(डावांमधला पॉइंट दशांशाचा नाही. आपल्या ओव्हरसारखाच तो आउटचा आहे. २४९.२ म्हणजे २४९ डाव आणि वर दोन आउट. कॅल्क्युलेटरवर हिशोब करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं!)

विजयाचे आकडे झाका आणि बाकीचे परत वाचा. ईआरए सर्वात कमी कोणाचा? फेलिक्सचा, पूर्ण लीगमध्ये. सर्वात जास्त डाव कोणी टाकले? फेलिक्सने, पूर्ण लीगमध्ये. स्ट्राइकआउटमध्ये त्याच्या पुढे होता फक्त जेरेड वीव्हर, २३३ म्हणजे अवघ्या एकाने. आणखी एक बारकावा पाहा. प्राइस आणि फेलिक्स या दोघांनीही सीझनमध्ये बरोबर ६३ अर्न्ड रन दिल्या. पण तेवढ्याच धावा देताना फेलिक्सने ४१ डाव जास्त टाकले. म्हणजे साडेचार मॅच भरतील इतके डाव त्याने फुकटात टाकून दिले, असं समजा.

मग १२ पराभव आले कुठून?

विजय हा आकडा काय मोजतो?

सिअ‍ॅटलने त्या सीझनमध्ये १६२ मॅचमध्ये ६१ जिंकल्या, १०१ हरल्या. पूर्ण सीझनमध्ये धावा केल्या ५१३. अमेरिकन लीगमध्ये १९७३ साली पिचरच्या ऐवजी वेगळा बॅटर खेळवायचा नियम आला. तेव्हापासून २०१० पर्यंत कोणत्याही पूर्ण लांबीच्या सीझनमध्ये तिथल्या एकाही टीमने इतक्या कमी धावा केल्या नव्हत्या. यांकीजने त्याच सीझनमध्ये केल्या ८५९. मॅचमागे काढलं तर सिअ‍ॅटल ३.१७ आणि यांकीज ५.३०.

आता थोडं गणित करू. बिल जेम्स नावाचा एक माणूस. कॅन्सस राज्यात डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तो रात्रपाळीला वॉचमन होता आणि ड्युटीवर बसून बेसबॉलचे आकडे तपासायचा. १९७७ पासून त्याने स्वतःच पुस्तिका छापून विकायला सुरुवात केली. त्याचं एक सूत्र प्रसिद्ध आहे. टीमने केलेल्या धावांचा वर्ग भागिले, केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग. जे उत्तर येतं, साधारण तेवढ्या प्रमाणात टीम मॅच जिंकते. वर्गांची बेरीज असल्यामुळे त्याला पायथागोरसचं नावही चिकटलं.

समजा, दोन पिचर आहेत. 'क' खेळतो त्या दिवशी समोरची टीम सरासरी ३ धावा करते. 'ख' खेळतो त्या दिवशी ४. म्हणजे क हा उघडउघड चांगला. दोघांनाही दोन्ही टीममध्ये ३४ मॅच खेळवून पाहू. (फेलिक्स आणि सबाथिया दोघांनीही २०१० मध्ये ३४ मॅचची सुरुवात केली होती.)

सिअ‍ॅटलकडून क खेळला, तर ५३ टक्के, म्हणजे साधारण १८ विजय.
सिअ‍ॅटलकडून ख खेळला, तर ३९ टक्के, साधारण १३ विजय.
यांकीजकडून क खेळला, तर ७६ टक्के, साधारण २६ विजय.
यांकीजकडून ख खेळला, तर ६४ टक्के, साधारण २२ विजय.

हा अंदाज ढोबळ आहे, मान्य. पण दुसरी ओळ विसरून पहिली आणि चौथी शेजारी-शेजारी ठेवा. चांगला पिचर १८, त्याच्याहून कमी दर्जाचा २२! पिचर बदलल्याने पाच-एक विजयांचा फरक पडतो, टीम बदलल्याने आठ-नऊ विजयांचा. म्हणजे 'विजय' या आकड्यात पिचरपेक्षा त्याच्या बॅटरांचाच वाटा मोठा. आपण मोजायला गेलो रेझिस्टर, आणि मीटर जोडला पूर्ण सर्किटला. रीडिंग चुकीचं नाही, ते दुसऱ्याच गोष्टीचं आहे.

याचं उदाहरण हवं असेल तर २३ सप्टेंबर २०१० ची टोरंटोतली मॅच बघा. पहिल्याच डावात होसे बाउटिस्टाने फेलिक्सला होम रन मारला, सीझनमधला त्याचा पन्नासावा. त्यानंतर फेलिक्सने आठ डाव पूर्ण टाकले आणि दुसरी धाव दिली नाही. निकाल, टोरंटो १, सिअ‍ॅटल ०. फेलिक्सच्या खात्यात पराभव. आता ती मॅच वाचवायला त्याने अजून काय करायला हवं होतं? अमेरिकन लीगमध्ये पिचर बॅटिंगला येत नाही. बॅट त्याच्या हातात नव्हतीच.

विरुद्ध बाजू

आमच्या विंगमध्ये हा विषय काढला की दोन गट पडतात, आणि विरुद्ध गटाचे मुद्दे काही टाकाऊ नाहीत. एकेक घेऊ.

पहिला मुद्दा असा की, खरा मर्द हरणाऱ्या टीमकडूनही जिंकून दाखवतो. याला पुरावा आहे आणि तो दणदणीत आहे. १९७२ मध्ये फिलाडेल्फियाची टीम पूर्ण सीझनमध्ये फक्त ५९ मॅच जिंकली. त्यातल्या २७ एकट्या स्टीव्ह कार्लटनच्या नावावर. ईआरए १.९७, ३१० स्ट्राइकआउट. बक्षीस अर्थातच त्याला. मग फेलिक्सला का जमलं नाही?

कार्लटनचा पराक्रम मोठाच, पण त्याने ३४६ डाव टाकले आणि ३० मॅच शेवटच्या आउटपर्यंत स्वतः पूर्ण केल्या. तो काळच तसा होता. २०१० मध्ये कोणताही मॅनेजर पिचरला इतकं राबवत नव्हता. फेलिक्सने सहा मॅच पूर्ण केल्या, तेव्हा तेवढ्याही खूप मानल्या जात. मॅनेजरने पिचरला आठव्या डावानंतर बसवलं आणि पुढच्याने मॅच घालवली, तर विजय जातो पहिल्याचा. शिवाय एका माणसाने एव्हरेस्ट ऑक्सिजनशिवाय चढला, म्हणून बाकीच्यांची उंची वेगळ्या पट्टीने मोजायची नसते.

दुसरा मुद्दा दडपणाचा. सबाथिया आणि प्राइस एकाच डिव्हिजनमध्ये एकमेकांशी पहिल्या नंबरसाठी झुंजत होते. टॅम्पा बेने ९६ मॅच जिंकल्या, यांकीजने ९५. प्रत्येक मॅचला महत्त्व. फेलिक्सची टीम तर कधीच शर्यतीबाहेर गेलेली. त्याला कसलं टेन्शन?

यावर माझं म्हणणं असं की, दडपण मोजायचं असेल तर समोर कोण बॅटिंग करतंय ते बघा. २०१० मध्ये सर्व टीममध्ये सर्वाधिक धावा करणारी टीम यांकीज होती. फेलिक्सने त्यांच्याविरुद्ध तीन मॅच खेळल्या. २६ डाव टाकले, एक अर्न्ड रन दिली, तिन्ही मॅच जिंकल्या. ईआरए ०.३५. सबाथियाला या एकाच तगड्या टीमला बॉल टाकावा लागला नाही, कारण ती त्याचीच होती!

आणि टीम हरत असताना दर पाच दिवसांनी उठून तेच काम त्याच दर्जाने करणं, यालाही काही दडपण असतं. पुढे एकच धाव गेली तरी मॅच जाऊ शकते हे माहीत असलेला पिचर निवांत असतो, असं मला वाटत नाही.

तिसरा मुद्दा मैदानाचा. हा मात्र वजनदार. सिअ‍ॅटलचं मैदान, तेव्हाचं नाव सेफको फील्ड, पिचरला फायद्याचं म्हणून प्रसिद्ध होतं. दमट, थंड हवा आणि लांब कुंपण. उलट यांकी स्टेडियममध्ये उजवीकडच्या कोपऱ्यातलं कुंपण ३१४ फुटांवर, डावखुऱ्या बॅटरची चंगळ. म्हणजे ईआरएमधल्या ०.९१ च्या फरकातला काही भाग मैदानाने दिलेला आहे. हे कबूल करायलाच हवं. पण पूर्ण फरक त्यातून निघत नाही. प्राइसच्या टॅम्पा बेचं मैदानही काही बॅटरांचा स्वर्ग नव्हतं, आणि फेलिक्स त्याच्याही पुढे होता.

ईआरएच्या आतही इतर लोक आहेत

मैदानाचा मुद्दा मान्य केल्यावर प्रामाणिकपणे एक पाऊल पुढे जावं लागतं. ईआरएसुद्धा शुद्ध नाही. बॅटला लागून बॉल मैदानात गेला की पुढचं काम फील्डरचं. चपळ फील्डर असेल तर आउट, जाडजूड असेल तर रन. फील्डर बॉलपर्यंत पोचलाच नाही, तर नियमाप्रमाणे ती त्याची चूकही धरत नाहीत. धाव जाते पिचरच्या माथी.

२००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन याने एक लेख लिहून खळबळ उडवली. त्याचं म्हणणं असं की, मैदानात पडलेल्या बॉलचं पुढे काय होतं यावर पिचरांचा ताबा आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूपच कमी असतो. ज्यात फील्डरचा संबंध नाही अशा गोष्टी चारच: स्ट्राइकआउट, वॉक, अंगावर बॉल लागणं आणि होम रन. यावरून पुढे टॉम टँगो याने एक सूत्र रूढ केलं, त्याला म्हणतात एफआयपी. होम रनला १३ ने गुणा. वॉक आणि अंगावर लागलेले बॉल यांच्या बेरजेला ३ ने गुणा. दोन्ही मिळवा. त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा. डावांनी भागा. शेवटी आकडा ईआरएच्या पट्टीवर यावा म्हणून एक स्थिरांक मिळवतात, २०१० साठी तो साधारण ३.०८.

करून बघू. फेलिक्सने होम रन दिले १७, वॉक ७०, अंगावर ८, स्ट्राइकआउट २३२. २२१ अधिक २३४, वजा ४६४. उत्तर उणे ९! डावांनी भागून स्थिरांक मिळवला की ३.०४. सबाथियाचे होम रन २०, वॉक ७४, अंगावर ७, स्ट्राइकआउट १९७. त्याचं उत्तर ३.५४. प्राइसचं याच पद्धतीने ३.४२.

अंतर कमी झालं, हे लक्षात घ्या. ईआरएमध्ये फेलिक्स आणि सबाथिया यांच्यात ०.९१ चं अंतर होतं, इथे ०.५० राहिलं. म्हणजे सबाथियाच्या बाजूच्या लोकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण नंबर बदलला नाही. चाळणी जास्त बारीक केली तरी फेलिक्सच वर राहिला. वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून तेच उत्तर येत असेल, तर त्या उत्तरावर भरवसा ठेवायला हरकत नाही. एफआयपी हाही काही वेदवाक्य नाही. काही पिचर बॅटरला नीट फटका बसूच देत नाहीत, ते कसब या सूत्रात दिसत नाही.

निकाल आणि त्यानंतर

२८ मतदारांपैकी २१ जणांनी फेलिक्सला पहिलं मत दिलं. गुण १६७. प्राइसला ४ पहिली मतं, १११ गुण. सबाथियाला ३ पहिली मतं, १०२ गुण. पूर्ण लांबीच्या सीझनमध्ये इतक्या कमी विजयांवर सुरुवात करणाऱ्या पिचरला हे बक्षीस त्याआधी मिळालं नव्हतं. बाकीच्या दोघांचंही काही अडलं नाही. सबाथियाकडे २००७ चं बक्षीस होतंच, प्राइसला २०१२ मध्ये मिळालं, आणि सबाथिया २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

त्यानंतर रस्ता मोकळा झाला. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला १० विजय, ९ पराभव आणि १.७० ईआरए यावर ३० पैकी २९ पहिली मतं मिळाली. २०२५ मध्ये पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स, १० विजय, १० पराभव, ईआरए १.९७. त्याला तीसच्या तीस! वीस वर्षांपूर्वी असं कोणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

मात्र विजयाचा आकडा बाजूला गेला म्हणून वाद संपले, असं नाही. नवे, जास्त चांगले वाद सुरू झाले. २०१६ चा अमेरिकन लीगचा निकाल बघा. जस्टिन वर्लँडरला पहिली मतं १४, रिक पोर्सेलोला ८. तरी जिंकला पोर्सेलो, १३७ विरुद्ध १३२ गुणांनी. कारण प्रत्येक मतदार पाच नावं क्रमाने लिहितो आणि त्यांना ७, ४, ३, २, १ असे गुण मिळतात. दोन मतदारांनी वर्लँडरचं नाव पाचातही लिहिलं नव्हतं. त्या दोघांनी त्याला तिसरं जरी लिहिलं असतं तरी सहा गुण वाढून तो पुढे गेला असता. मोजमाप बरोबर असून बेरजेची पद्धत निकाल फिरवू शकते, हा त्यातला धडा. आपल्याकडच्या कोणत्याही स्पर्धेत तीन परीक्षक असतात, तिथेही हेच घडतं.

आपल्यासाठी काय?

बेसबॉल अमेरिकेत राहू दे. पण 'विजय' या आकड्याचे भाऊबंद आपल्याकडे भरपूर आहेत. चौघांच्या ग्रुपमध्ये एकाने रात्र-रात्र जागून कोडिंग केलं, एकाने फक्त स्पायरल बाइंडिंग केलं, आणि चौघांना सारखे मार्क. उलटही होतं. एखाद्याने आपला भाग चोख केला, पण पार्टनरचा मोटर ड्रायव्हर डेमोच्या दिवशी जळला, आणि मार्क गेले सगळ्यांचे. एखाद्या मुलाच्या बॅचला कंपन्याच कमी आल्या, तर वर्षानंतर लोक त्याला 'प्लेसमेंट नाही झाली' एवढ्यावरच ओळखतात.

कोणताही आकडा पाहून माणसाला वर-खाली ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं. या आकड्यात त्याच्या हातातलं किती आहे? त्यात आणखी कोणाकोणाचा वाटा मिसळला आहे? आणि हाच माणूस दुसऱ्या टीममध्ये असता, तर आकडा किती बदलला असता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'खूप' असेल, तर तो आकडा त्या माणसाचा नाही, टीमचा आहे. टीमचं बक्षीस त्यावर खुशाल द्या. माणसाचं देऊ नका.

यात 'आकडे खोटे असतात' असं रडगाणं नाही. फेलिक्सला आकड्यांनीच मागे ढकललं होतं आणि आकड्यांनीच पुढे आणलं. फरक पडला तो कोणता आकडा कशासाठी, हे विचारल्यामुळे.

फेलिक्स २००५ ते २०१९ सिअ‍ॅटलकडूनच खेळला आणि त्याला बाद फेरीची एकही मॅच मिळाली नाही. १५ ऑगस्ट २०१२ ला त्याने टॅम्पा बेविरुद्ध परफेक्ट गेम टाकला, म्हणजे २७ बॅटर आले आणि २७ आउट, एकही बेसवर पोचला नाही. त्या दिवशी त्याच्या टीमने किती धावा केल्या असतील? एक! नशीब, तेवढी तरी केली.

जाता जाता एक सबमिशन देतो. २०२१, नॅशनल लीग. मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स, १६७ डाव, ईआरए २.४३, स्ट्राइकआउट २३४. फिलाडेल्फियाचा झॅक व्हीलर, २१३ डाव, ईआरए २.७८, स्ट्राइकआउट २४७. एकाचं काम जास्त नेटकं, दुसऱ्याचं काम जास्त. दोघांनाही पहिली मतं सारखीच, बारा-बारा. गुणांत बर्न्स जिंकला, १५१ विरुद्ध १४१. तुम्ही कोणाला मत दिलं असतं? जेवणानंतर मेसच्या पायऱ्यांवर भांडायला हा विषय चांगला आहे. फक्त विजय कोणाचे किती, ते विचारू नका.